बासष्टावी फ्रेम

केनवड, २७ ऑक्टोबर

दादा, जयभीम.

काल दोन महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, तोही सव्वा मिनिट. तू एक प्रश्न विचारलास, मी एक उत्तर दिलं आणि तू फोन ठेवलास. नंतर मी तीनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून पत्र. फोन मध्येच कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच.

समोरच्या विमलमावशीचं मनगट मोडलं आहे. उजवं. रिसोडला नेऊन प्लास्टर घातलं, सहा आठवडे ठेवायचं आहे. कमरेला मार आहे, पण हाड शाबूत. कापूस वेचायचे हेच दिवस आणि तिचा हात गळ्यात बांधलेला.

शनिवारी रात्री तिची बकरी ओरडायला लागली म्हणून ती उठली, आणि ओट्यासमोरच्या नालीत तिचा पाय गेला. गल्लीत पूर्ण अंधार होता. बॅटरी तिच्या हातात नव्हती. इतकी वर्षं ही बाई रात्री बॅटरीशिवाय उंबरा ओलांडत नसे. दसऱ्याला विहारासमोर, आपल्या घराच्या तोंडाशीच, तू नागपूरहून पाठवलेला हायमास्ट दिवा लागला आणि तिने बॅटरी फळीवर टाकून दिली. "आता कायची बॅटरी? प्रसेनजितनं चंद्रच आनून लावला दारात," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

लोक जमले. दिव्याच्या खांबावरच्या पेटीची किल्ली आपल्याच घरात, बाबांच्या छत्रीशेजारच्या खिळ्याला. मी पेटी उघडली, खटका वर केला, दिवा लागला. "आला, आला!" असा ओरडा झाला. कोणी म्हणालं, "दीपाताई होत्या म्हनून बरं."

आणखी काय म्हणतात ते तुझ्यापर्यंत पोहोचलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. "नागपूरचा दिवा, अंधाराले भेला." पोरं हसतात. मी एकदोघांना गप्प केलं.

तू विचारलंस, "दीपे, तू तं रोज रात्री छतावर असते. दिवा कितीक वाजता गेला?" मी म्हणाले, लक्ष नव्हतं.

छतावर मी होतेच. सोयाबीनच्या मळणीयंत्रांची धूळ खाली बसायला यंदा ऑक्टोबरचा तिसरा आठवडा लागला. धूळ गेली, मग फटाक्यांचा धूर. शनिवारी पहिल्यांदा आभाळ धुतल्यासारखं होतं. त्रिकोण नावाचा तारकासमूह आहे, त्यात एक दीर्घिका आहे. सत्तावीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड आत्ता आपल्या छतावर पोहोचतो. डोळ्यांना ती दिसत नाही, एका फोटोत जेमतेम डाग उमटतो. दोन-दोन मिनिटांचे शेकडो फोटो काढून ते संगणकावर एकावर एक रचले की तिचे वळलेले हात दिसायला लागतात. मी या मोसमात वीस तासांचा उजेड जमवायचा ठरवला आहे. तू हे विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगितलं.

मावशीची वेणी मी घालते, दोन वेळची भाकर मीच करते. तिची काळजी करू नकोस.

तुझी,
दीपा

केनवड, ३ नोव्हेंबर

दादा, जयभीम.

विहार समितीच्या ग्रुपवर तुझा निरोप वाचला. "दिव्यात दोष नाही, कंपनीचा माणूस तपासून गेला. रिसोडच्या वेल्डिंगवाल्या हसनैनने पेटीत हलका खटका बसवला आहे. रविवारी, सोळा तारखेला मी येतो. सर्वांसमोर त्याला जाब विचारू. बाबांच्या नावाच्या खांबाशी असला खेळ चालणार नाही." खाली बावीस जणांनी अंगठे दाखवले आहेत. मी दाखवला नाही.

ऑगस्टमध्ये आपलं भांडण झालं त्यातलं तुझं एक वाक्य मला रोज ऐकू येतं. मी इतकंच म्हणाले होते की खांब घरासमोर नको, गल्लीच्या टोकाला लाव. तू म्हणालास, "ज्या गल्लीतल्या उजेडासाठी बाबानं अकरा वर्सं अर्ज लिहिले, तिथं तुले अंधार पायजे?"

विजेचे खांब कडुनिंबापर्यंत येऊन थांबले होते आणि आपली वस्ती कडुनिंबाच्या पलीकडे, हे मीही पाहिलं आहे. पहिला बल्ब लागला त्या दिवशी बाबा त्याच्याखाली पेपर वाचत बसले होते, दुपारी चार वाजता. ते मलाही आठवतं, दादा. त्यावर तुझी एकट्याची मालकी नाही.

आणि सत्त्याण्णवच्या एप्रिलमधला धूमकेतू? मला नकाशा काढायचा होता आणि बॅटरी लावली की डोळे दिपून धूमकेतूच दिसेनासा व्हायचा. लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत, हे मी पुस्तकात वाचून तुला सांगितलं. तू बिस्किटाच्या पुड्याची लाल पन्नी बॅटरीच्या काचेला बांधलीस आणि तास-दीड तास ती माझ्या वहीवर धरून उभा राहिलास. "हात दुखून राह्यला, लवकर काढ तुया शेपटीवाला," म्हणत होतास, पण हात हलवला नाहीस. तेव्हा तुला माझा अंधार कळत होता.

काल हसनैन घरी आला होता. चहा पुढे ठेवला. तो बशीकडे बघत म्हणाला, "ताई, खटका चांगल्या कंपनीचा हाय, पावती हाय माह्याजवळ. तीन डाव लोड देऊन पाह्यला. एक सांगा. हा खटका आपोआप पडला तं त्याची दांडी मधात अटकते. हातानं पाडला तरच पूर्न खाली जाते. तुमी वर केला तवा दांडी कुठी होती?"

मी म्हणाले, अंधारात दिसलं नाही.

"अंधारात दिसलं नाई," तो म्हणाला. "बरं." चहा संपवला. दारात थांबून म्हणाला, "आसेगावच्या विहाराचं काम भेटलं होतं मले. परसेनजितभाऊनं तिकडंबी फोन केला. ते म्हनले, सध्या राहू द्या."

इतकंच लिहायचं होतं. पुढचं लिहायला घेतलं होतं, पण शाळेत वर्गावर जायची वेळ झाली.

दीपा

केनवड, ९ नोव्हेंबर

दादा,

दांडी पूर्ण खाली होती. खटका मी पाडला होता.

हे वाक्य दोन पत्रांपूर्वी लिहायला हवं होतं. सव्वा मिनिटाच्या फोनवर तर ते सहज मावलं असतं.

शनिवारी साडेआठच्या सुमारास चंद्र मावळला. आभाळ काळंभोर, पण आपल्या छतावर तुझ्या दिव्याने सूपभर गहू निवडता आले असते. तीन आठवडे मी त्या उजेडात कॅमेरा लावत होते आणि प्रत्येक फोटो पिठात बुडवल्यासारखा पांढरा येत होता. शेतावर जाता आलं असतं. दोन किलोमीटर आहे, गाडी आहे. छत सोयीचं होतं, यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. गल्ली झोपली होती. नऊ बावीसला मी खिळ्यावरची किल्ली काढली, पेटी उघडली आणि खटका पाडला. मनाशी म्हटलं, बारा वाजता परत लावू. कोणाला कळणारही नाही.

प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते. पहिली फ्रेम नऊ चौतीसची. अशा फ्रेम मला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या. एकेका फ्रेममध्ये दीर्घिकेची कड दिसत होती. दादा, मी आनंदात होते. तेही लपवत नाही.

बासष्टावी फ्रेम अकरा बेचाळीसला सुरू झाली. ती अर्ध्याहून पुढे गेली असेल, तेव्हा खालून आवाज आला. बकरीचा नव्हता. मावशी "माय वं" म्हणाली आणि मग काहीच नाही.

आपला स्लॅब पातळ आहे. त्यावर कोणी चाललं की कॅमेऱ्याचा स्टँड हलतो आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून फ्रेम चालू असताना मी कधी उठत नाही. खुर्चीत हालतसुद्धा नाही. ती सवय म्हण, किंवा जे म्हणायचं ते म्हण. कॅमेऱ्यावर चाळीस सेकंद उरलेले दिसत होते. मी ते संपू दिले. मग उठले.

किल्लीचं कोणालाही सांगता येईल. या चाळीस सेकंदांचं पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.

कॅमेरा मात्र मी बंद करायला विसरले, आणि तो साक्षीदारासारखा चालत राहिला. त्रेसष्टाव्या फ्रेममध्ये सगळ्या ताऱ्यांच्या रेघा आहेत, ती मी धावले तेव्हाची. अडुसष्टावीपासून सगळं पांढरं. तेव्हा मी सर्वांसमोर खटका वर केला होता आणि लोक मला शाबासकी देत होते.

आता माझं ठरलं आहे ते ऐक. सोळा तारखेला विहारात उभी राहून मी हे सांगणार आहे. त्याआधी मावशीला, मग हसनैनला. त्यांनी सर्वांबरोबर ऐकणं बरोबर नाही. तू आलास तरी सांगेन, नाही आलास तरी सांगेन. आसेगावला तू केलेला फोन चुकीचा होता. पण त्या चुकीचं मूळ माझ्या "लक्ष नव्हतं"मध्ये आहे, तेव्हा ती निस्तरणंही माझ्याकडे. तुझ्या दिव्यात काही खोट नव्हती. तो कशालाच भ्यायला नव्हता.

दीपा

केनवड, १७ नोव्हेंबर

दादा, जयभीम.

काल तू आला नाहीस. पत्र पोहोचलं म्हणून आला नाहीस असं मी धरून चालते. तुझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवली होती, शेवटपर्यंत कोणी तिच्यावर बसलं नाही.

क्रमाने सांगते. मावशीला दहा तारखेलाच सांगितलं. मी तिची वेणी घालत होते. तिचं तोंड दिसू नये म्हणून मुद्दाम तीच वेळ निवडली होती, हेही कबूल करते.

"मावशी, त्या रात्री दिवा मी बंद केला होता."

"वेनी घाल पूर्न," म्हणाली. मी घातली, रिबिन बांधली. मग ती वळली.

"काहून?"

"आभाळाचे फोटो काढायला."

"आभाळाचे? ते कुठी पयून चाल्लं होतं?"

मग मी चाळीस सेकंदांचंही सांगितलं. ती प्लास्टरवरून डावा हात फिरवत ऐकत होती.

"चाळीस सेकंद बसली तू? बाकीच्याईले चपला सापडाले धा मिनिटं लागले." मला हसू आलं, ती मात्र हसली नाही. "मले नुसतं सांगतलं असतं ना वं, का आज दिवा बंद करतो, तं मी बॅटरी घेतली असती. एवढंच तं होतं. मी गल्लीत उजेड नव्हता तवापासून चालून राह्यली इथं. मले अंधाराचं काय सांगते?" मग म्हणाली, "माह्यं राहू दे. हाड जुडून जाईन. त्या वेल्डिंगवाल्या पोराचं काय करशीन? मी सोडलं म्हनून तो नाई सुटत."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिसोडला गेले. हसनैनने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, ताई."

"मग बोलला का नाही तेव्हाच?"

"तुमच्या घरी बसून, तुमचा चहा पिऊन तुमच्यावरच इल्जाम लावू? अन् मानलं असतं कोनी? म्हटलं, ताई सोताच बोलतीन." चष्मा पुन्हा खाली ओढत म्हणाला, "टाइम लई घेतला पन तुमी." मग लगेच चष्मा काढला. "आसेगावले फोन लावा. आता. माह्यासमोर. स्पीकर चालू ठेवा."

लावला. पलीकडच्या माणसाला सगळं दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्याला वाटलं मी हसनैनची शिफारस करते आहे. तो म्हणाला, बैठकीत ठेवतो. अजून त्यांचं काही ठरलेलं नाही. मी दर दोन दिवसांनी फोन करते. त्यांना कंटाळा आला की ते होच म्हणतील.

काल विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. सगळं सांगितलं. "अन् आमी तुले शाबासकी देली!" असं एकजण म्हणाला. त्यावर कोणी हसलं नाही. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं. एक म्हातारी उठून निघून गेली. किल्ली मी सोबत नेली होती, ती मावशीच्या डाव्या हातात दिली. आता ती तिच्या घरी आहे, फळीवर, बॅटरीशेजारी. पुन्हा ती मी मागणार नाही.

हसनैनही आला होता, मागच्या भिंतीशी उभा. तो म्हणाला, "दिव्याचा आर्धा उजेड वरतं जाऊन राह्यला, तो कोनाच्याच कामाचा नाई. पत्र्याची टोपी बसवली तं खाली डबल उजेड पडीन, अन् ताईचं आभाळ ताईले राहीन. पत्रा माह्याकडून." लोकांना पटलं. पण मी थांबवलं. खांबावर बाबांचं नाव आहे, आणि ते तू लावलं आहेस. तू हो म्हटल्याशिवाय कोणी शिडी लावणार नाही. मला तुझ्याकडून एवढ्याचंच उत्तर हवं आहे. बाकीच्यावर तुला हवं तितकं गप्प राहा.

आणि त्या बासष्ट फ्रेम. मी त्या पुसल्या नाहीत. पुसणं म्हणजे साक्षीदाराला पळवून लावणं. पण चित्रात त्या वापरणारही नाही. दोन तास चार मिनिटं वजा. वीस तास पुन्हा शून्यापासून सुरू. डिसेंबरात धुकं धरायला लागेल, त्याआधीच्या जितक्या रात्री मिळतील तितक्या घेईन. शेतातून.

तुझी,
दीपा

केनवड, २१ नोव्हेंबर

दादा, जयभीम.

पार्सल काल दुपारी आलं. वर तुझं अक्षर, नाव विमलमावशीचं. तिने डाव्या हाताने आणि दातांनी दोरी सोडली, मला हात लावू दिला नाही. आत दोन बॅटऱ्या. एक साधी, मोठी. दुसरीच्या काचेवर बिस्किटाच्या पुड्याची लाल पन्नी, रबराने बांधलेली. चिठ्ठी नाही. मावशीने खोकं दोनदा उलटं करून पाहिलं.

"हे लाल कायले? दुकानदारानं फुटकी काच झाकून देली वाटते."

"नाही मावशी," मी म्हणाले. "ही माझी आहे."

टोपीबद्दल तू काहीच कळवलं नाहीस. मी तो होकार धरलेला नाही. पुन्हा विचारीन.

काल अमावस्या होती. मी गाडीला सामान बांधत होते, तर मावशी गळ्यातला हात सावरत येऊन उभी. "एकटी जाशीन? रानडुकरं हायेत तिकडं."

"तुम्ही काय करणार डुकराचं? एक हात तर बांधलेला."

"तोंड मोकयं हाय ना."

शेवटी तिला मागे बसवून नेलं. आंब्यापासून जरा दूर, हरभरा पेरलाय त्याच्या बांधावर स्टँड लावला. मावशी पोत्यावर बसली, मांडीवर लाल बॅटरी. गावाकडे तुझा दिवा इथूनही दिसत होता. खाली कोण चालतंय ते दिसत नव्हतं, पण तो जळत होता, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पहिली फ्रेम आठ वाजून दहा मिनिटांनी. मावशी दर फ्रेमला विचारत होती, "दिसलं का?" मी म्हणत होते, "अजून नाही." पाचव्यांदा ती म्हणाली, "याच्यापेक्षा कापूस वेचनं बरं. संध्याकायी गाठोडं तरी दिसते."

नववी फ्रेम चालू होती. निम्मी झाली असेल. मावशी एकदम म्हणाली, "दीपे, माह्या पायाले मुंग्या आल्या वं. उठव मले."

मी उठले. मधूनच. तिला काखेत हात घालून उभं केलं, तेवढ्यात तिच्या मांडीवरची बॅटरी घरंगळली आणि तिचा उजेड सरळ भिंगावर गेला. नवव्या फ्रेममध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल पट्टा आहे. ती मी जपून ठेवली आहे, पण मोजलेली नाही.

मग मावशी धुऱ्यावर चार पावलं चालून आली आणि म्हणाली, "बिघडलं का तुयं?"

"एकच बिघडलं. बसा."

"आता हालू का नको?"

"हाला तितकं. ही जमीन आहे, स्लॅब नाही."

रात्रभरात चाळीस चांगल्या फ्रेम मिळाल्या. एक तास वीस मिनिटं. विसातून ते गेले की अठरा तास चाळीस मिनिटं उरतात. उद्याही आभाळ मोकळं राहील असं दिसतं. उद्या लाल बॅटरी मीच धरीन.

टोपीचं कळव.

तुझी,
दीपा